ताप किती यापेक्षा बाळ कसे?

पावसाळा सुरू झाला की बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांबाहेर गर्दी होते आणि त्यातली बरीच मुले तापाची असतात. अशा दिवसांतल्या दोन घरांची कल्पना करावी. पहिल्या घरात दीड वर्षाच्या मुलाला १०३ अंश फॅरनहाइट ताप आहे. तो किरकिर करतो, पण औषध दिल्यावर तासाभराने पाणी पितो, खेळणे मागतो. थर्मामीटरवरचा आकडा पाहून घर हादरलेले आहे; रात्री दोन वाजता रिक्षा शोधली जाते. दुसऱ्या घरात वीस दिवसांची मुलगी आहे. ताप जेमतेम १००.५. ती गप्प झोपून आहे, दुधालाही उठत नाही. ‘दमली असेल, सकाळी बघू’ म्हणून तिला दुपट्यात गुंडाळून ठेवले जाते. त्या रात्री धावपळ करण्याची खरी गरज होती ती दुसऱ्या घराला.

ही गफलत होते, कारण तापाचा आकडा हेच आजाराचे माप आहे अशी समजूत पक्की आहे. ताप ही शरीराचीच प्रतिक्रिया आहे. जंतुसंसर्ग झाला की मेंदूतले तापमान नियंत्रण केंद्र शरीराची पातळी वर नेते. साध्या विषाणूनेही १०३-१०४ पर्यंत ताप चढू शकतो, तर जिवावरच्या संसर्गात तो फारसा चढतही नाही. ‘ताप मेंदूत जाईल’ ही भीतीही बहुतांशी निराधार आहे. संसर्गाचा ताप सहसा १०६ च्या पुढे जात नाही. उष्माघाताची गोष्ट वेगळी. पालकांच्या या अवास्तव भीतीला अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी १९८० मध्ये ‘फीव्हर फोबिया’ असे नाव दिले. त्या भीतीपोटी आजही अनेक मुलांना गरज नसताना इंजेक्शने आणि प्रतिजैविके दिली जातात.

म्हणून पहिला प्रश्न बाळाच्या वयाचा. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश (३८ सेल्सिअस) किंवा अधिक ताप असेल, तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, डॉक्टरांना दाखवावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाच्या काखेतले तापमान ९९.५ असले तरी आपल्याकडील राष्ट्रीय बालआजार व्यवस्थापन कार्यक्रम ते धोक्याचे लक्षण मानतो. इतक्या लहान बाळाची प्रतिकारशक्ती तोकडी असते आणि रक्तातला संसर्ग काही तासांत पसरू शकतो. अशा बाळाचे अंग नेहमीपेक्षा गार लागणे हेही तितकेच गंभीर. दीड महिन्याच्या लशीनंतर हलका ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो, हे खरे. पण बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल किंवा ताप दोन दिवसांपुढे गेला, तर लशीवर बोट ठेवून थांबू नये.

तीन महिन्यांनंतर दुसरा प्रश्न महत्त्वाचा ठरतो: बाळ कसे दिसते, कसे वागते? ताप उतरलेला असताना मूल हसते, पिते, खेळते का, हे पाहावे. मूल काहीच पीत नसेल, घेतलेले सगळे उलटून पडत असेल, हाक मारूनही नीट जागे होत नसेल किंवा आकडी आली असेल, तर आकडा कितीही असो, दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, कण्हणे, ओठ निळसर पडणे, मान ताठ होणे, टाळू फुगणे, दाबल्यावरही न जाणारे लाल-जांभळे ठिपके, आठ-दहा तास लघवी न होणे ही लक्षणेही त्याच यादीत येतात. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असतील, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी लागते. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा ताप १०२ च्या पुढे गेला, तर इतर लक्षणांची वाट न पाहता दाखवलेले बरे.

तिसरा प्रश्न दिवसांचा. मूल ठीक दिसत असले तरी ताप तीन दिवसांत हटला नाही, तर तपासणी हवी. जिथे हिवताप आढळतो तिथे तेवढेही थांबू नये; पहिल्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. डेंग्यूचा डाव तर उलटा असतो. त्यात धोक्याचा काळ अनेकदा ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान. ताप गेला म्हणून घर निर्धास्त होते आणि नेमके तेव्हाच मुलाचे पोट दुखते, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. असे मूल पुन्हा डॉक्टरांकडे न्यायलाच हवे.

घरच्या उपचारांत सर्वाधिक चुका मापाच्या होतात. पॅरासिटामॉल वयावर नव्हे, वजनावर द्यायचे असते: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार तासांचे अंतर आणि दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. मात्र ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५०. सिरपचे पाच मिलिलिटरचे माप ड्रॉप्सच्या बाटलीतून भरले, तर १२५ ऐवजी ५०० मिलिग्रॅम औषध मुलाच्या पोटात जाते. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचावा, घरातला चमचा वापरू नये. तीन महिन्यांच्या आत डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध देऊ नये. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइडवर तर बारा वर्षांखालील मुलांसाठी देशात २०११ पासून बंदी आहे. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक आम्लही टाळावे. बर्फाच्या किंवा स्पिरिटच्या पट्ट्यांची, दुलईत गुंडाळण्याची गरज नाही; सैल सुती कपडे आणि थोडे थोडे पाणी किंवा दूध पुरते.

आकडीची भीती सर्वांत मोठी. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरातील दोन ते पाच मुलांना तापात झटके येतात. बहुतेकदा ते पाच मिनिटांच्या आत थांबतात आणि मेंदूला इजा करत नाहीत. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ जातो, उपयोग होत नाही. पहिल्यांदाच आकडी आली असेल तर ती थांबल्यावरही तपासणी हवी. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

ही लक्षणे ओळखायला डॉक्टरच असावे लागते, असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या महिलांना नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखायला आणि घरीच उपचार करायला शिकवले. क्षीण झालेले रडणे, कमी झालेले दूध ओढणे, मलूलपणा, अंगाचा गारपणा किंवा ताप अशी ती साधी लक्षणे होती. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. त्यातून घडलेल्या पद्धतीवर आज ‘आशा’ सेविकांच्या बेचाळीस दिवसांपर्यंतच्या घरभेटी उभ्या आहेत.

मात्र शहरातल्या छोट्या कुटुंबाला, विशेषतः भाड्याच्या खोलीत एकट्या पडलेल्या आईला, हे ज्ञान कुणी समोर बसून देत नाही. धोक्याची लक्षणे माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेली असतात. ते कार्ड लशींच्या तारखा पाहण्यापुरतेच उघडले जाते. प्रसूतीनंतर घरी सोडताना आणि पहिल्या लशीच्या दिवशी पाच मिनिटे काढून ही लक्षणे आई-वडिलांना, आजी-आजोबांना समजावून सांगणे प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाने बंधनकारक मानायला हवे. याला यंत्र लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. वीस दिवसांची मुलगी दुधाला उठली नाही, तर सकाळची वाट पाहायची नसते, एवढे एक वाक्य वेळेवर घराघरांत पोहोचले, तरी काही पाळणे रिकामे होण्यापासून वाचतील.