आबांची नाईट शिफ्ट

मागच्या शनिवारी करकंबला घरी गेलो होतो. रात्री साडेअकराला आबा उसाला पाणी द्यायला निघाले. पायात स्लीपर, हातात बॅटरी. म्हटलं, "आबा, मी आणलेले गमबूट घाला की!" तर म्हणाले, "आरं, चिखलात रुतत्यात ते. आन् सापाला चाहूल लागली की जातंय ते आपोआप."

इथंच तर घोळ आहे, मंडळी! धामण जाते. नागही बहुतेक वेळा निघून जातो, नाहीतर फणा काढून बजावतो. घोणस मात्र सहसा हलत नाही. तिचा सगळा भरवसा अंगावरच्या ठिपक्यांवर. पाचोळ्यात पडून राहते, फारच जवळ गेलात तर कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, आणि पाय पडला तर चावते. मण्यारही रात्रीचीच. तिचा दंश कित्येकदा दुखत नाही, सुजत नाही, आणि काही तासांत श्वास अडकू लागतो. बाकी डूख धरणं, दूध पिणं वगैरे सगळं सिनेमातलं. साप येतो उंदरांमागे, आणि उसात उंदरांना काय तोटा?

म्हणजे साप रात्री बाहेर पडणार हे पक्कं. आणि शेतीपंपाची लाईट? ती गेली कित्येक वर्षं पाळीनं, कधी दिवसा तर कधी रात्री. मग दोघांची गाठ पडणारच की! २०२० साली आलेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं अंदाजे १२ लाख माणसं गेली. बहुतेक खेड्यांतली, निम्मी तर पावसाळ्यात.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच इंजेक्शन चालतं. त्यामुळे मांत्रिकाकडे वेळ न घालवता तडक दवाखाना गाठायचा, हे खरंच. पण ते झालं चावल्यानंतरचं. चावण्याआधीचा उपाय म्हणजे दिवसा लाईट. त्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली. ती प्रत्येक शिवारात पोचेपर्यंत 'साप लई वाढलेत' असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी नाईट शिफ्ट केली की कंपनी दारापर्यंत कॅब पाठवते. आबा पहाटे चारला चालत परत आले. तोवर मी जागाच होतो.

असो. या वेळी गमबूट एक नंबर मोठे घेतलेत. बघू, घालतात का!