किशोरांच्या दिवसाची बेरीज कोण करणार?

पावसाळा स्थिरावला की शालेय क्रीडास्पर्धांचे वेध लागतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील संघांची निवड सुरू होते आणि आपल्या दवाखान्यांत ‘शारीरिकदृष्ट्या सक्षम’ असल्याचे प्रमाणपत्र मागणाऱ्या मुलामुलींची रीघ लागते. आपण नाडी पाहतो, छाती तपासतो, उंची व वजन लिहितो आणि सही करतो. सकाळी किती वाजता उठतोस, शाळेव्यतिरिक्त कुठे काम करतोस का, रात्री किती वाजता झोपतोस, हे मात्र विचारण्याचा प्रघात नाही. माझ्या मते स्टेथोस्कोप कानाला लावण्यापूर्वी हेच प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

इंदूरसारख्या शहरात शिकता शिकता चार पैसे मिळवणारी मुले पुष्कळ आहेत. कोणी पहाटे वर्तमानपत्रे टाकतो, कोणी पोहे-जिलबीच्या गाडीवर हात चालवतो, कोणी संध्याकाळी किराणा दुकानात पुड्या बांधतो, तर कोणी लग्नसराईत वाढप्याचे काम करतो. मुलींच्या कामाला आपण काम म्हणतच नाही. परंतु धाकट्या भावंडांना सांभाळणे, दोन वेळचा स्वयंपाक आणि आईबरोबर चार घरची धुणीभांडी ही अर्धवेळ नोकरीच आहे. फरक इतकाच, की बऱ्याचदा तिचा पगार तिच्या हाती येत नाही. यांतलीच काही मुले उत्तम खो-खो, कबड्डी वा हॉकी खेळतात. काटकपणा, चपळाई आणि जिद्द ही त्यांची पुंजी असते.

अशा एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाचा दिवस मांडून पाहू. साडेचारला उठणे, साडेसहापर्यंत वर्तमानपत्रे, मग सकाळची शाळा, दुपारी गृहपाठ, संध्याकाळी साडेचार ते साडेसहा सराव, सात ते दहा दुकान, जेवण आणि अकराला पाठ टेकणे. झोप साडेपाच तास! १३ ते १८ वर्षे वयात ८ ते १० तास झोप आवश्यक मानली जाते. म्हणजे किमान मानानेही रोज अडीच तासांची तूट आणि सहा दिवसांत पंधरा तासांची. रविवारी दुपारी दोन तास झोपून ही तूट भरून निघत नाही. त्यातच पौगंडावस्थेत मेलाटोनिन स्रवण्याची वेळ निसर्गतःच रात्री पुढे सरकते. लवकर झोप न येणे हा या वयातला आळस नव्हे, तो शरीरधर्म आहे.

याची किंमत मैदानावर चुकवावी लागते. लॉस एंजेलिसच्या शालेय खेळाडूंविषयी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याचा संभव इतरांच्या १.७ पट आढळला. वाढीच्या वयात गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी येणारी सूज व वेदना, म्हणजे ऑसगुड-श्लॅटर व्याधी, आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. सरावातील धावण्या-उड्यांच्या भरीला सायकलवरून ओझी वाहणे आणि तासन् तास उभे राहणे आले, तर त्या हाडाला उसंत मिळणार कधी? आहाराची कथाही अशीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३३२० किलोकॅलरी लागतात. प्रत्यक्षात पहाटेचा चहा आणि दोन बिस्किटांवर शाळा सुटेपर्यंत ओढणारी मुले आपण पाहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. ‘हल्ली हिचा दम टिकत नाही’ या प्रशिक्षकांच्या तक्रारीमागे पुष्कळदा हिमोग्लोबिन दडलेले असते.

अशा वेळी दोन सोपे सल्ले दिले जातात. पहिला, ‘काम सोड’. हा सल्ला ज्याच्या घरी महिनाअखेरीस ओढाताण होत नाही त्यानेच द्यावा. मुलाच्या त्या कमाईतून त्याचे बूट, वह्या आणि काही घरांत धाकटीची फीसुद्धा येते. दुसरा सल्ला, ‘खेळ सोड’. तो दिला न दिला तरी अमलात येतोच, आणि मुलींच्या बाबतीत सर्वांत आधी येतो. खेळाने पोट भरत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. मला तो मुळीच मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल सांगते, ती केवळ खात्यापित्या घरच्या मुलांसाठी नव्हे. शिवाय सांघिक खेळात मिळणारे काही पाठ दुकानाच्या गल्ल्यावर मिळत नाहीत. खो-खोत पाठीवर ‘खो’ पडताच उठणारा गडी आपल्या साथीदाराच्या विश्वासावर धावतो. ‘तू नसलास तर आमचे अडते’ हे ज्या मुलाला कोणी कधी म्हटलेले नाही, त्याला संघ ते म्हणतो.

मात्र सांघिक खेळाची अडचणही येथेच आहे. एकटा धावणारा मुलगा आपली वेळ बदलू शकतो, संघाला तसे करता येत नाही. दोनदा गैरहजर राहिला की नाव कटते. प्रशिक्षकाला केवळ त्याचे दोन तास दिसतात, दुकानदाराला तीन, शाळेला साडेपाच. प्रत्येकाची मागणी आपापल्या जागी रास्त असते; बेरीज कोणीच करत नाही.

कायद्याने एक मर्यादा घातलेली आहे, ती फारच थोड्यांना ठाऊक असते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई आहे. शाळेच्या वेळेबाहेर स्वतःच्या कुटुंबाला मदत आणि कलावंत म्हणून काम, असे मोजके अपवाद आहेत. १४ ते १८ वयाच्या किशोरांना धोकादायक कामे वर्ज्य आहेत; इतर आस्थापनांतही संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत त्यांना कामावर ठेवता येत नाही आणि आठवड्याची सुटी बंधनकारक आहे. वर मांडलेला दिवस पुन्हा पाहावा. त्या मुलाचे काम नेमके निषिद्ध वेळेतच चालते, कारण कायद्याने मोकळा ठेवलेला काळ शाळा आणि सराव यांनी व्यापलेला असतो.

नोकरी आणि खेळ यांचा मेळ बसू शकतो, हे आपल्या शहराला सांगण्याची गरज नसावी. होळकरांनी सी. के. नायडूंना येथे आणले ते आपल्या लष्करात पद देऊन. पुढे होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. शेजारच्या महूचे शंकर लक्ष्मण लष्करात राहून १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताचे गोलरक्षक झाले. तेथे मालकालाच खेळ हवा होता, म्हणून नोकरीने खेळाला वाट करून दिली. ती माणसे प्रौढ होती. पंधरा वर्षांच्या मुलाला तर या आधाराची गरज अधिक आहे.

म्हणून माझे म्हणणे असे, की आधी झोपेचे आठ तास बाजूला काढावेत, मग शाळा, आणि उरलेल्या वेळात काम व खेळ यांची वाटणी व्हावी. आज नेमका उलटा क्रम चालतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार सराव. मंगळवार, गुरुवार, शनिवार चार ते सात काम. रविवारी पूर्ण विश्रांती, अशी मांडणी अशक्य नाही. दुकानदाराने एकाच कामावर वेगवेगळ्या संघांतील दोन मुले आळीपाळीने ठेवावीत. प्रशिक्षकाने अशा मुलाला आळशी ठरवण्यापूर्वी त्याचा आठवडा विचारावा. आपण डॉक्टरांनी प्रमाणपत्र देताना झोप, काम, आहार आणि मुलींच्या बाबतीत मासिक पाळी यांची चौकशी करावी, हिमोग्लोबिन तपासावे आणि गरज भासल्यास ‘आठवड्यातून तीनच दिवस सराव’ असे स्पष्ट लिहून द्यावे. आपल्या सहीला शाळेत अजून मान आहे.

या मांडणीत मुलाची कमाई घटेल, हे उघड आहे. ती भरून काढणे हे समाजाचे काम आहे. आपण दरवर्षी टक्केवारी पाहून गुणवंतांचे सत्कार करतो. त्याच निधीतून स्पर्धेच्या महिन्यात चार खेळाडूंची बुडालेली मजुरी दिली, तर तो खर्च शाल-श्रीफळाहून फार मोठा ठरणार नाही. आणि सुरुवात स्वतःच्या दारापासून व्हावी. संध्याकाळी सातनंतर आपल्यापैकी कित्येकांच्या दवाखान्यात नंबर लावणारा, औषधांची खोकी उचलणारा मुलगा किती वर्षांचा आहे, आणि तो सरावाला शेवटचा कधी गेला होता?