रक्ताचा वंश आणि गादीचा वारसा : शिवछत्रपतींचे वंशज आज कोण?

१/
२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरात एक जुनाच वाद नव्याने पेटवला गेला. गादीवरचे छत्रपती दत्तक आहेत, मग ते 'खरे वारसदार' कसे? दुसरीकडे 'शिवछत्रपतींचे थेट वंशज', 'तेरावे वंशज' ही बिरुदे फलकांवर आणि वर्तमानपत्रांत नेहमीप्रमाणे झळकत होतीच. इतिहासाच्या कसोटीवर ही दोन्ही विधाने लंगडी आहेत, आणि दोन्ही एकाच कारणाने. (धागा)

२/
ते कारण असे : रक्ताचा वंश आणि गादीचा वारसा या दोन भिन्न गोष्टी एकच मानल्या गेल्या आहेत. पहिला प्रश्न जीवशास्त्राचा, दुसरा धर्मशास्त्राचा, कायद्याचा आणि राजकारणाचा. एकाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की वाद कधीही संपत नाही. कदाचित तो संपू नये अशीच वाद घालणाऱ्यांची सोय असावी.

३/
आधी पुरुषवंशाचा हिशेब. शिवछत्रपतींचे पुत्र दोन, संभाजी महाराज आणि राजाराम महाराज. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात निवर्तले, तेव्हा त्यांच्या मागे पुत्र नव्हता. राजाराम महाराजांना ताराबाईंपासून शिवाजी आणि राजसबाईंपासून संभाजी असे दोन पुत्र. १७१४ साली पन्हाळ्यावर सत्तापालट झाला, ताराबाई व त्यांचे पुत्र कैदेत गेले आणि कोल्हापूरची गादी राजसबाईंच्या संभाजींकडे आली. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये कायमची वेगळी झाली.

४/
साताऱ्याला पुढे रामराजा आले. आपला नातू म्हणून ताराबाईंनीच त्यांना पुढे केले, शाहूंच्या पश्चात ते गादीवर बसले, आणि वर्षभरात त्याच ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करून 'हा माझा नातू नव्हे' असे जाहीर केले. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढे त्यांनी तशी शपथही वाहिली. नातू खरा होता की नव्हता, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे : रामराजा १७७७ पर्यंत, मरेपर्यंत, छत्रपतीच राहिले. रक्ताबद्दलची शंका त्यांच्या शिक्क्याला बाधली नाही. त्यांच्यानंतर वावीच्या भोसले घराण्यातून दत्तक आला.

५/
कोल्हापुरात संभाजी महाराज डिसेंबर १७६० मध्ये निपुत्रिक वारले. त्या गादीवरील शिवछत्रपतींचा औरस पुरुषवंश तेथे थांबला. तेव्हापासून अडीचशेहून अधिक वर्षे झाली. 'थेट वंशज' हे शब्द बापाकडून मुलाकडे चालत आलेल्या रक्ताच्या अर्थाने वापरायचे असतील, तर ते १७६० नंतरच्या कोल्हापूरला लागू होत नाहीत. एवढे स्पष्ट सांगण्यात छत्रपतींच्या गादीचा कोणताही अवमान नाही.

६/
आता त्याच वर्षीची दुसरी बाजू. पानिपताला अवघे काही आठवडे उरले असताना पेशव्यांनी कोल्हापूरचे राज्य गिळंकृत करण्याचा घाट घातला. युक्तिवाद काय? वंश खुंटला, म्हणून राज्य संपले. महाराणी जिजाबाईंनी सवत गरोदर असल्याचे जाहीर करून वेळ मिळवला आणि १७६२ साली खानवटकर भोसले घराण्यातील मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेवले. माधवरावांच्या कारकिर्दीत पुण्याला हे दत्तविधान मान्य करावे लागले. पुढे अकरा वर्षे, १७७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, जिजाबाईंनी त्या मुलाच्या नावाने राज्य राखले. कोल्हापूर नावाचे राज्य १७६० नंतर टिकले ते एका विधवेच्या निर्धारावर आणि एका दत्तविधानावर.

७/
१७६२ ते १९६२ या दोनशे वर्षांत कोल्हापूरच्या गादीने सात वेळा असा वारस बाहेरून आणला. १८६६ मध्ये शिवाजी महाराजांनी (बाबासाहेब) पाटणकरांच्या घरातील आपला भाचा घेतला. हेच राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले. आर्नो नदीकाठी त्यांचे दहन झाले आणि त्या जागी त्यांचे स्मारक आजही उभे आहे. १८७१ मध्ये पुन्हा खानवटकरांचा मुलगा आला. त्याचा अंत १८८३ च्या नाताळात अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या पहाऱ्यात झाला.

८/
आणि १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या जयसिंगराव घाटगे यांचे पुत्र यशवंतराव दत्तक आले. त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. आडनावाने घाटगे, आजोळ मुधोळच्या घोरपड्यांचे. २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम ज्यांच्या सहीने निघाला, ते राजर्षी शाहू महाराज हेच. 'दत्तक म्हणजे खोटा वारस' म्हणणाऱ्याने हे वाक्य कोल्हापुरात दसरा चौकातील शाहू पुतळ्यासमोर उभे राहून एकदा म्हणून पाहावे.

९/
दत्तकाला नकार देण्याची परंपरा आपल्याकडे आहे, नाही असे नाही. पण ती कोणाची? मनुस्मृतीपासून आजच्या कायद्यापर्यंत हिंदू परंपरेने दत्तकाला पुत्रच मानले आहे. दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्याच्या गोत्राला आणि धनाला मुकतो, हे मनूच्या नवव्या अध्यायात आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचे बारावे कलम तेच आधुनिक भाषेत सांगते. वाद होते ते कोणाला दत्तक घ्यावे याचे. नंदपंडिताच्या 'दत्तकमीमांसे'ने द्विजांना बहिणीचा मुलगा घेण्यास मनाई केली, तर व्यवहारातील रूढी अनेक ठिकाणी वेगळी होती. दत्तक हा पुत्र की अपुत्र, हा वाद मात्र शास्त्रकारांनी घातला नाही.

१०/
तो घातला लॉर्ड डलहौसीने. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे शहाजी महाराज (अप्पासाहेब) वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीचे म्हणणे असे की दत्तकाला खासगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क या मताच्या विरुद्ध होता, तरी सातारा खालसा झाले. खालसा धोरणाचा तो पहिला मोठा बळी. त्याआधी पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे उंबरठे झिजवत होते. त्यांच्या हाती काही लागले नाही. १८५४ मध्ये याच न्यायाने नागपूरकर भोसल्यांचे राज्य गेले आणि झाशीही गेली.

११/
झाशीवर थोडे थांबायला हवे. राणी लक्ष्मीबाईंचे भांडण काय होते? दत्तकपुत्र दामोदररावाचा हक्क. नानासाहेब पेशव्यांचे काय होते? तेही दुसऱ्या बाजीरावाचे दत्तकपुत्र, आणि त्यांना नाकारले गेले ते पेन्शन. चौकात राणीचा पुतळा उभारायचा, आणि त्याच चौकातल्या सभेत 'दत्तक आहे, खरा नाही' म्हणून टाळ्या घ्यायच्या! १८५७ नंतर इंग्रजांनाच आपली चूक उमगली आणि संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा द्याव्या लागल्या. इंग्रजांनी सोडून दिलेला हा युक्तिवाद मराठी प्रचारसभेत अजून जिवंत आहे.

१२/
आता 'थेट वंशज'वाल्यांकडे वळू. रक्ताची ओळ अशी मिरवायची असेल तर तिचे गणितही मान्य करावे लागते. तेरा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येक माणसाला ८,१९२ पूर्वजांच्या जागा असतात. (भाऊबंदकीतील लग्नांमुळे प्रत्यक्ष माणसे त्याहून कमी.) त्यांतील एका पूर्वजाचा जैविक वाटा नगण्य असतो. इतक्या पिढ्यांनंतर अनेक खऱ्या वंशजांच्या अंगी त्या पूर्वजाच्या जनुकांचा एक तुकडाही उरलेला नसतो.

१३/
शिवाय कागदावरची पुरुषवंशाची ओळ निसर्ग पाळतोच असे नाही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर शहरात सापडला. त्याला स्वतःचा टिकलेला वंश नव्हता. त्याची ओळख पटण्यास मदत झाली ती त्याच्या बहिणीच्या लेकींच्या लेकींतून उतरलेल्या, आज हयात असलेल्या माणसांमुळे. बापाकडून मुलाकडे अशी जी ओळ वंशावळीत अखंड दिसत होती, तिचे जनुक मात्र जुळले नाहीत. राजघराण्याची वंशावळ कुठेतरी तुटली होती, आणि माय-लेकींची ओळ, जी कोणी मिरवली नव्हती, ती पाचशे वर्षे शाबूत निघाली.

१४/
म्हणून शिवछत्रपतींच्या रक्ताचा शोध घ्यायचाच असेल, तर तो गादीकडे नव्हे, लेकींकडे जातो. सखुबाई फलटणच्या निंबाळकरांकडे दिल्या होत्या. राणूबाई जाधवांकडे, अंबिकाबाई महाडिकांकडे, राजकुंवरबाई शिर्क्यांकडे, कमळाबाई पालकरांकडे. संभाजी महाराजांची कन्या भवानीबाईही तारळ्याच्या महाडिकांची सून. यांपैकी एकीची जरी शाखा आजवर टिकली असेल, तरी तिचे वंशज दोन-चार नसतील. इतक्या पिढ्यांत टिकलेला वंश पसरतोच. तो हजारोंत असेल, आणि त्यांतील बहुतेकांना त्याची गंधवार्ताही नसेल. कोणी शिरोळ तालुक्यात ऊस लावत असेल, कोणी पुण्यात संगणकासमोर बसलेला असेल.

१५/
ही माहिती का नाही? कारण ती लिहिणाऱ्यांनी लिहिली नाही. कोल्हापूर-सांगलीकडे पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी सांभाळणारे हेळवी येतात, नावे वाचतात, नवी नोंद करतात. त्या चोपड्यांत मुलगे ओळीने येतात. मुलगी सासरी गेली की तिची ओळ माहेरच्या पानावर संपते. 'थेट वंशज' या शब्दामागे हीच वही आहे. अर्धे रक्त तिने मोजलेच नाही.

१६/
हा प्रश्न मराठी मुलखापुरता नाही. येशूच्या कुळाबद्दल जगभर हाच खेळ चालतो. त्याला मेरी मॅग्डालिनपासून मूल झाले आणि ते रक्त फ्रान्सच्या राजघराण्यात उतरले, ही कथा १९८२ च्या एका गाजलेल्या पुस्तकाने आणि २००३ च्या 'द दा विंची कोड' या कादंबरीने घरोघर पोचवली. प्राचीन साधनांत तिला आधार नाही.

१७/
आधार आहे तो त्याच्या भावांचा. शुभवर्तमानांत याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन अशी नावे येतात. (ते सख्खे भाऊ, सावत्र की चुलत, यावर ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत.) चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस हा दुसऱ्या शतकातील हेगेसिप्पसच्या आधारे सांगतो : दाविदाच्या वंशातील म्हणून यहूदाच्या नातवांना रोमन सम्राट डोमिशियनसमोर उभे केले गेले. सम्राटाने विचारले, मालमत्ता किती? दोघांची मिळून नऊ हजार दिनारांची, तीही रोख नव्हे; एकोणचाळीस प्लेथ्रा जमीन, जी ते स्वतः कसत होते. त्यांनी हातांवरचे घट्टे दाखवले. सम्राटाने त्यांना तुच्छ मानून सोडून दिले.

१८/
त्यानंतर या कुळाची माणसे काही काळ मंडळ्यांचे पुढारीपण करताना दिसतात. तिसऱ्या शतकातील ज्यूलियस आफ्रिकानस सांगतो की नासरेथ आणि कोखाबा गावांतील हे नातेवाईक आपली वंशावळ जपत होते. पुढे साधनांतून ते दिसेनासे होतात. त्यांचे वंशज आज असू शकतील का? सहज असू शकतील, आणि असतील तर पश्चिम आशियात लाखोंनी. पण एकालाही ते सिद्ध करता येणार नाही. आणि चर्चची सत्ता त्यांच्या रक्तातून चाललेलीच नाही. ती चालली नेमणुकीतून, म्हणजे एका अर्थाने दत्तकातूनच.

१९/
डोमिशियन, १७६० चे पुणे दरबार, डलहौसी : वंशाची चौकशी करणारे हे तिघेही सत्ताधीश होते. कोणालाही वंशशास्त्राची जिज्ञासा नव्हती. एकाला बंडाची भीती होती, उरलेल्या दोघांना राज्य हवे होते. निवडणुकीच्या तोंडावर 'खरा वारस कोण' हा प्रश्न अचानक का सुचतो, हे यावरून समजायला हरकत नाही.

२०/
शेवटी १९६२. राजर्षींचे पुत्र राजाराम महाराज १९४० मध्ये वारले, त्यांच्यानंतर दत्तक घेतलेला बालक १९४६ मध्ये गेला, आणि १९४७ मध्ये राजर्षींच्या कन्या अक्कासाहेब यांचे पुत्र, देवासचे विक्रमसिंह पवार, शहाजी महाराज म्हणून गादीवर आले. त्यांनी १९६२ साली नागपूरकर भोसल्यांकडील दिलीपसिंह यांना दत्तक घेतले; तेच आजचे शाहू महाराज. त्या वेळी राजाराम महाराजांच्या कन्या पद्माराजे यांच्या बाजूने कोल्हापुरात मोठा जनक्षोभ उसळला.

२१/
त्या क्षोभाकडे नीट पाहावे. लोकांना हवे होते राजर्षी शाहूंचे रक्त. आणि ते रक्त कोणाचे? कागलच्या घाटग्यांचे. १८८४ मध्ये दत्तविधानाने बाहेरून आलेले रक्त अठ्ठ्याहत्तर वर्षांत कोल्हापूरकरांना आपले, अस्सल आणि गादीचे वाटू लागले होते. इतके, की त्यासाठी ते रस्त्यावर उतरले. तेही एका लेकीच्या बाजूने, जिच्यासाठी हेळव्याच्या वहीत जागा नव्हती.