काट्याची धास्ती आणि टायरमधली हवा

सोलापूरभोवतीच्या माळांवर माउंटन बाइकच्या टायरमध्ये किती हवा असावी, हे जमीन, चालकाचे वजन आणि टायरची रुंदी यांवर ठरते. टायरच्या कडेवर छापलेला ५०-६५ पीएसआयचा आकडा कमाल मर्यादा सांगतो. तेवढी हवा भरावी, असा त्याचा अर्थ नव्हे. तरीही सराटे आणि बाभळीच्या काट्यांच्या धास्तीने पुष्कळ जण टायर टणक करूनच घराबाहेर पडतात. ही समजूत सोडून द्यायलाच हवी. वेड्या बाभळीचा काटा ४० पीएसआयच्या टायरमध्येही सहज घुसतो. काट्यावरचा खरा इलाज म्हणजे ट्यूबलेस टायर आणि सीलंट. पकड देणे, धक्के पचवणे आणि रिम दगडापासून वाचवणे, ही हवेची कामे.

इथली जमीन बसाल्टच्या झिजेतून घडलेली आहे. उंच माळावर मुरूम आणि सुटे धोंडे, सखल भागात काळी जमीन. मुरमावर टणक टायर दगडागणिक उसळतो, चढावर मागचे चाक जागीच फिरते, वळणावर पुढचे चाक खड्यांवरून घसरते. दाब उतरवला की टायर जमीन धरतो. फार उतरवला, तर दगडाची धार थेट रिमला भिडते; ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात, आणि ट्यूबलेस टायर जोराच्या वळणावर रिमपाशी हवा सोडतो. काळ्या जमिनीचा प्रश्न पावसातला. ओला चिखल चाकाला लपेटून फ्रेममध्ये दाटतो. तिथे कोणताही दाब कामाचा नाही, वाटच बदलावी.

७० किलोच्या चालकाने २.२५ इंची ट्यूबलेस टायरसाठी पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करावी. मागच्या चाकावर भार जास्त येतो, म्हणून हा फरक. ट्यूब असल्यास ४-५ पीएसआय वाढवावेत. वजनातल्या दर १० किलोंच्या फरकामागे साधारण दीड पीएसआय वाढवावा किंवा कमी करावा. मग ओळखीच्या एकाच पट्ट्यावर दर फेरीला १ पीएसआय कमी करत जावे. रिम दगडाला लागू लागली किंवा वळणावर टायर कलंडल्यासारखा वाटला, की २ पीएसआय परत भरावेत. गेज मात्र प्रत्येक वेळी तेच हवे, कारण दोन गेजांच्या आकड्यांत २-३ पीएसआयची तफावत सहज निघते.

तुळजापूर रस्त्यासारख्या डांबरी सडकेवरून माळापर्यंत जायचे असेल, तर ५-७ पीएसआय जास्त भरून निघावे, माळावर उतरताना हवा सोडावी आणि परतीसाठी छोटा पंप जवळ ठेवावा.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. पहाटे २५ अंशांत २५ पीएसआय भरलेला टायर ४५ अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे अडीच पीएसआयने चढतो. दुपारपर्यंत फिरायचे असल्यास तेवढी हवा आधीच कमी ठेवावी. याच कोरड्या उन्हात सीलंटही लवकर आटते. मार्च ते मे या काळात ते दर महिन्याला तपासून कमी पडेल तेवढे भरावे.