जगाच्या पडद्यावर आष्टीचा माणूस कोण उभा करणार?

दरवर्षी १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातील आष्टी आपल्या हुतात्म्यांना वंदन करते. १९४२ मध्ये याच दिवशी, ऐन नागपंचमीला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी भारलेले गावकरी पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि गोळ्यांना सामोरे गेले. त्या बलिदानामुळे गावाच्या नावाशी ‘शहीद’ हा शब्द कायमचा जोडला गेला. आता अशी कल्पना करावी की, उद्या एखादी परदेशी चित्रसंस्था बेचाळीसच्या विदर्भावर चित्रपट काढावयास निघाली. त्यात आष्टीचा शेतकरी कोण होईल? मुलाच्या देहाशी बसलेली आष्टीची माय कोण रंगवील? वऱ्हाडी बोलीत वाढलेला कलावंत, की ती बोली चार दिवसांत घोकून आलेला परका?

हा प्रश्न निव्वळ कल्पनेतला नाही. डेव्हिड लीन यांच्या १९८४ च्या ‘ए पॅसेज टू इंडिया’ या चित्रपटात प्राध्यापक गोडबोले नावाचे एक पात्र आहे. आडनावापासून हा माणूस मराठी. पण तो पडद्यावर आणला अ‍ॅलेक गिनेस या इंग्रज नटाने. गिनेस मोठे नट होते, यात शंका नाही. तरीही जगाने पाहिलेला तो गोडबोले मराठी नव्हता, हे उरतेच. याच्या दोनच वर्षे आधी, १९८२ मध्ये, रिचर्ड अटेनबरो यांच्या ‘गांधी’त नामदार गोखले झाले होते डॉ. श्रीराम लागू, आणि कस्तुरबा झाल्या होत्या रोहिणी हट्टंगडी. ज्या कस्तुरबांचा सेवाग्राममधील वास वर्धा जिल्ह्याला वंदनीय आहे, त्या पुण्याच्या एका मराठी अभिनेत्रीने जगापुढे उभ्या केल्या. १९८३ मध्ये तिला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला.

कोणत्या भूमिकेसाठी कोणाला बोलवायचे, हे निर्माता ठरवतो. बोलावणे येईल तेव्हा आपला कलावंत सिद्ध असेल की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे.

आधी साधना, मग संधी

रोहिणीताईंना कस्तुरबा योगायोगाने मिळाली नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले. यक्षगान आणि कथकली यांचाही त्यांनी अभ्यास केला. मराठी रंगभूमीचा अनुभव गाठीशी होता, म्हणूनच ऐन तारुण्यात त्या वृद्ध कस्तुरबांची चाल आणि थकवा अंगी बाणवू शकल्या. डॉ. लागूंचेही तेच. चांगला चालणारा शल्यविशारदाचा व्यवसाय सोडून त्यांनी पूर्णवेळ रंगभूमी पत्करली, त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी गोखल्यांची ती छोटीशी भूमिका आली. भूमिका लहान, पण तिच्यामागचे तप लहान नव्हते.

अलीकडचे उदाहरण छाया कदम यांचे. २०२४ मध्ये कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ मिळवणाऱ्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ या चित्रपटात भारतासह फ्रान्स आणि अन्य देशांचे भांडवल होते. त्यात छायाताई मुंबईच्या रुग्णालयात स्वयंपाक करणारी आणि शेवटी कोकणातल्या आपल्या गावी परतणारी पार्वती झाल्या. वामन केंद्रे यांच्या नाट्यशिबिरातून त्यांचा प्रवास सुरू झाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मधून त्या प्रेक्षकांच्या ओळखीच्या झाल्या. त्याच वर्षी कानमध्ये दाखवलेल्या ‘सिस्टर मिडनाइट’ या ब्रिटिश दिग्दर्शकाच्या चित्रपटातही त्या होत्या. त्याची नायिका राधिका आपटे पुण्याच्या ‘आसक्त’ या नाट्यसंस्थेत घडलेली. पार्वती पडद्यावर खरी वाटली, कारण ती बाई छायाताईंच्या ओळखीची होती. कोकणचे बोलणे, पदर खोचण्याची लकब, ओझे उचलतानाचा श्वास या गोष्टी परदेशात विकत मिळत नाहीत.

आष्टीच्या तरुणाने यातून एक खूणगाठ बांधावी. मुंबईला जाण्यासाठी आपली वऱ्हाडी पुसून टाकण्याची गरज नाही. प्रमाण मराठी आणि हिंदी स्वच्छ यावी. सेटवरच्या सूचना आणि करारपत्र समजण्याइतके इंग्रजीही यावे. पण बोली हे त्याचे भांडवल आहे. २०१६ च्या ‘लायन’ या चित्रपटासाठी मुंबईच्या कलिना भागातील सनी पवार हा बालक हजारो मुलांतून निवडला गेला, तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हते. भाषेवाचून त्याचे अडले नाही. डोळ्यांनी त्याने काम केले.

काम मिळते कसे?

या क्षेत्राची रीत कळली, तर निम्मी भीती जाते. परदेशी संस्था भारतात आली की येथील पात्रनिवड करणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे कास्टिंग डायरेक्टरला, नेमते. त्या व्यक्तीला वय, चेहरेपट्टी, बोली, अंगचे कौशल्य अशी यादी दिली जाते. मग कलावंताकडे दोन-चार पानांचा प्रसंग येतो आणि त्याने तो स्वतः चित्रित करून पाठवायचा असतो. त्यासाठी आज मुंबईला धावण्याची गरज नाही. साधी भिंत, समोरून उजेड, स्थिर ठेवलेला मोबाइल, स्वच्छ आवाज आणि कॅमेऱ्याबाहेरून दुसऱ्या पात्राची वाक्ये म्हणणारा एक मित्र एवढे पुरते. सुरुवातीला नाव, वय, उंची आणि येणाऱ्या भाषा सांगाव्यात. छायाचित्रे साधी असावीत. दाट रंगरंगोटीने खरा चेहरा झाकला जातो.

एक सूचना मात्र प्रत्येक आईवडिलांनी ध्यानी धरावी. खरा कास्टिंग डायरेक्टर चाचणीसाठी कलावंताकडून पैसे घेत नाही. त्याचे मानधन निर्माता देतो. ‘नोंदणी’, ‘हमी’, ‘परदेशवारीचा खर्च’ अशा नावांनी कोणी रक्कम मागू लागला, तर तेथूनच परतावे. संत्र्याच्या बागेवर काढलेले कर्ज अशा भामट्याच्या खिशात जाण्याइतकी करुण गोष्ट दुसरी नाही. करार वकिलाला दाखवल्यावाचून सही करू नये. मुलीला चाचणीसाठी जायचे असेल तर घरचे माणूस सोबत असावे, यात संकोचण्यासारखे काही नाही.

परदेशी चित्रीकरण भारतात यावे म्हणून केंद्र सरकारने २०२२ मध्ये खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत प्रोत्साहनपर परतावा जाहीर केला आणि २०२३ मध्ये तो ४० टक्क्यांवर नेला. चित्रीकरणे वाढली की छोट्या भूमिकाही वाढतात. पण त्या आयत्या वेळी शिकून मिळत नाहीत. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात नाट्य आणि चित्रपट यांचे शिक्षण मिळते, नागपूर-अमरावतीच्या केंद्रांवर राज्य नाट्य स्पर्धा रंगते, आणि पुढे पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट व दिल्लीचे नाट्य विद्यालय आहेच. पायऱ्या आहेत, चढणारे हवेत.

नकाराचेही बळ हवे

येथे एक जबाबदारीही येते. परदेशी पटकथेत भारतीय माणूस अनेकदा दीन, भाबडा किंवा भीतिदायक असतो. गरिबी दाखवू नये, असे कोणी म्हणणार नाही. पार्वतीही गरीबच होती, पण तिचा ताठ कणा दिग्दर्शिकेने जपला. प्रश्न गरिबीचा नसून माणसाकडे पाहण्याच्या नजरेचा आहे. जिथे आपला माणूस केवळ हसण्यासाठी वा किळस येण्यासाठी मांडला असेल, तिथे कलावंताने संहिता पूर्ण वाचून प्रश्न विचारावा आणि वेळ आली तर नम्रपणे नकार द्यावा. असा नकार पोट भरलेल्यालाच परवडतो. म्हणून शेती, शिक्षकी, दुकान असा काही आधार सोडून अभिनयाच्या मागे धावू नये. ज्याच्या घरी दाणे आहेत, त्याचाच शब्द मोलाचा राहतो.

उरतो समाजाचा वाटा. गणेशोत्सवात वाद्यवृंदावर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग गावच्या नाटकाकडे वळला, शाळेची एखादी खोली संध्याकाळी तालमीला मिळाली, तालुक्याच्या ग्रंथालयात नाट्यसंहितांचे एक कपाट आले, तर पाच-सात वर्षांत फरक दिसेल. आणखी एक काम तरुणांनी आजच हाती घ्यावे. बेचाळीसच्या ज्या आठवणी आजी-आजोबांनी घराघरांत सांगितल्या, त्या अजून जाणत्या माणसांच्या ओठी आहेत. त्या त्यांच्याच वऱ्हाडीत ध्वनिमुद्रित कराव्यात आणि मोठ्याने म्हणून पाहाव्यात. इतिहास जपला जाईल आणि अभिनयाचा याहून चांगला पहिला धडा दुसरा सापडणार नाही.

कोणी परदेशी निर्माता आष्टीत येईल की नाही, हे आज सांगता येत नाही. मात्र तो आलाच, आणि हुतात्म्याच्या आईचे चार शब्द कोण म्हणेल, असे त्याने विचारले, तर गावातूनच एखादी लेक पुढे यावी आणि तिने ते असे म्हणावेत की, ऐकणाऱ्याला दुसरा आवाज शोधावासाच वाटू नये.