न दिसणारा घसारा

जुनी वस्तू विकत घेण्यात कमीपणा मुळीच नाही. सागवानी कपाट, पितळेची भांडी, शिलाई यंत्र, पुस्तके या वस्तू दुसऱ्या घरी जाऊनही वर्षानुवर्षे सेवा देतात. काटकसर हा आपल्या घरांचा संस्कार आहे आणि तो टिकलाच पाहिजे. तथापि काटकसर कोठे थांबवावी, याचाही काही नियम असावा.

हिशेबाच्या वहीत आपण घसारा लिहितो. सरळ रेषा पद्धतीत वस्तूची किंमत दरवर्षी ठरावीक रकमेने घटते. कपाटाचे साधारण तसेच होते. रंग उडतो, बिजागरी सैल होते. ते पाहून आपण भाव ठरवतो. परंतु काही वस्तूंचा सगळा घसारा एका क्षणात होऊन जातो आणि बाहेरून त्याची खूणही दिसत नाही. अशा वस्तू जुन्या घेऊ नयेत.

हेल्मेटचेच पाहा. त्याच्या कठीण कवचाखाली थर्मोकोलसारखा जाड थर असतो. अपघातात तो थर स्वतः दबतो आणि आघाताचा जोर शोषून घेतो. एकदा दबलेला थर पूर्ववत होत नाही. कवच मात्र पुसले की चकाकते. जुनी स्कूटर विकताना ‘हेल्मेटही घेऊन जा’ असे सहज म्हटले जाते. १ जून २०२१ पासून आपल्या देशात दुचाकीस्वारांच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते चिन्ह कारखान्यातील गुणवत्तेची ग्वाही देते. त्यानंतर ते हेल्मेट कितीदा आपटले, याची नव्हे.

गॅसची शेगडी जुनी घेतली, तरी तिच्यासोबतची रबरी नळी घेऊ नये. सुरक्षा नळीचे आयुष्य सामान्यतः ५ वर्षांचे मानले जाते आणि तिची मुदत तिच्यावर छापलेली असते. प्रेशर कुकरच्या सुरक्षा झडपेतील मिश्रधातू अतिउष्णतेने वितळून वाफेला वाट करून देतो. ती झडप पूर्वी कधी वितळली होती का आणि तिच्या जागी काय बसवले, हे झाकणावरून कळत नाही. टायरच्या बाजूवर निर्मितीचे चार अंक असतात; ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली, तरी रबर वयाने कडक होतेच.

या साऱ्या वस्तूंचे काम एकच आहे: संकटाच्या क्षणी आपल्याला वाचवणे. त्यांची परीक्षा एकदाच होते आणि नापास ठरल्यास पैसे परत मागायलाही कोणी उरेल, असे नाही. येथे वाचलेले काही शे रुपये बचतीच्या रकान्यात मांडता येत नाहीत. ती जोखीम आहे.

हाच नियम देणाऱ्यालाही लागू पडतो. जे हेल्मेट आपण आपल्या नातवाच्या डोक्यावर ठेवणार नाही, ते वॉचमनच्या मुलाला ‘उपयोगी पडेल’ म्हणून देणे हे दान नव्हे. त्याचा पट्टा कापावा, जुन्या गॅसनळीचे तुकडे करावेत आणि मगच ते भंगारात टाकावे. द्यायचेच असेल, तर त्या मुलाला नवे हेल्मेट घेऊन द्यावे.