राधेने वाट का सोडावी?

हिंदीतील स्त्रियांच्या कवितेविषयी एक ठरीव विधान आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. युद्ध हा म्हणे पुरुषांच्या लेखणीचा प्रांत आणि प्रेम हा स्त्रियांच्या. पुराव्यादाखल महादेवी वर्मांचा विरह पुढे केला जातो आणि अपवाद म्हणून सुभद्राकुमारी चौहान यांची ‘झाँसी की रानी’. बाई युद्धावर लिहू लागली की तीही रणशिंगच फुंकते, असा यामागचा गर्भितार्थ. तो आम्हांला साफ अमान्य आहे.

सुभद्राकुमारींचेच पाहा. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्या तुरुंगात गेल्या होत्या; संघर्ष त्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता. त्यांच्या झाशीच्या राणीची थोरवी ती पुरुषासारखी लढली यात आहे, आणि ही कथा आपण बुंदेलखंडातील हरबोल्यांच्या तोंडून ऐकली असे कवयित्री स्वतःच सांगतात. वीरगाथा गात फिरणाऱ्या भाटांची ती दृष्टी आहे. परंतु ‘जलियाँवाला बाग़ में बसंत’ ही कविताही त्यांचीच ना? १९१९ च्या हत्याकांडाच्या जागी वसंत येऊ पाहतो आणि कवयित्री त्याला गाजावाजा न करता, हळू पावलांनी ये म्हणून विनवते. तिथे कोवळी मुले गोळ्या लागून पडली आहेत. त्यांच्यासाठी तिला फक्त थोड्या कळ्या हव्या आहेत. जयघोष नाही, सूडाची भाषा नाही. आमच्या मते बाईची नजर या कवितेत अधिक खोल उतरली आहे. आणि नेमकी हीच कविता शाळेच्या रंगमंचावर येत नाही! तिथे लाकडी तलवारीला मान.

आता महादेवींकडे वळू. अलाहाबादच्या क्रॉस्थवेट विद्यालयात सुभद्राकुमारी आणि त्या बरोबर होत्या. त्यांना विरहिणी म्हणून मखरात बसवणाऱ्यांनी १९४२ चे ‘शृंखला की कड़ियाँ’ उघडून पाहिले आहे काय? त्यात ‘युद्ध और नारी’ नावाचा स्वतंत्र निबंधच आहे. स्त्रीने उभारलेल्या घराच्या मुळावर युद्ध कसे येते, हा त्याचा रोख. याच महादेवींनी १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर ‘हिमालय’ हा काव्यसंग्रह संपादित केला. तेव्हा युद्धाला प्रश्न विचारणारी बाई देशाविषयी उदासीन असते, हा आक्षेपही टिकत नाही.

प्रेम आणि युद्ध यांना समोरासमोर उभे केले ते मात्र धर्मवीर भारती यांच्या ‘कनुप्रिया’ने, १९५९ मध्ये. द्वारकेच्या सेना कुरुक्षेत्राकडे निघतात आणि ज्या वाटेने राधा आपल्या कनूला भेटून परतत असे, त्याच वाटेवरून तिला बाजूला व्हावे लागते. अर्जुनाला रणांगणावर कर्म, स्वधर्म समजावून सांगितले गेले. राधेला कोणी काय सांगितले? ते मोठमोठे शब्द तिला पोकळ वाटतात. आमच्या त्या जिवलग क्षणांना अर्थ नव्हता, तर या संहाराला कुठून आला, असे ती विचारते. उत्तर येत नाही.

प्रश्न राधेचा असला तरी लेखणी पुरुषाची होती, हे कोणी दाखवून दिले तर आम्ही ते नाकारणार नाही. उलट त्यातच आमची तक्रार आहे. साहित्य अकादमी १९५५ पासून पुरस्कार देते. हिंदी कवितेसाठी तो पहिल्यांदा एका स्त्रीला, अनामिका यांना, मिळाला तो २०२० सालचा. एवढी वर्षे स्त्रिया लिहीत नव्हत्या थोड्याच! ऐकणारे कान नव्हते.

येत्या पंधरा ऑगस्टला आपल्या शाळांतून राणीची कविता अवश्य म्हटली जावी. तिच्या जोडीला जालियनवाला बागेतल्या वसंताची कविताही एखाद्या मुलाकडून, होय, मुलाकडूनच, पाठ करून घ्यावी. ती राणीच्या कवितेहून बरीच लहान आहे. वेळ नाही, ही सबब चालणार नाही.